दृष्टीआडची सृष्टी

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या वाटेला लागले की वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. महाराष्ट्रातून तंजावरला जाणारा प्रवासी बृहदीश्वराचे देऊळ पाहतो, त्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहून चकित होतो, सरस्वती महालातील पोथ्यांचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. ओरत्तनाडूपर्यंत जाणारे थोडे. वस्तुतः मराठी माणसाने तेथे मुद्दाम जावे असे एक स्थळ त्या गावी आहे. ते म्हणजे मुक्तांबाळ छत्र. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी आपल्या एका दिवंगत प्रिय सहचारिणीच्या स्मरणार्थ १८०२ साली हे छत्र उभारले आणि तिचे नाव त्यास दिले. काशीची गंगा घेऊन रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंना वाटेत अन्न आणि आसरा मिळावा, ही या छत्रांमागची मूळ कल्पना. पण सरफोजी राजांच्या छत्रांत भाताच्या पंक्तीपेक्षा पुष्कळ अधिक काही होते.

त्याची साक्ष खुद्द राजांच्याच एका पत्रात सापडते. १७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य इंग्रज कंपनीकडे गेले. राजांकडे उरला तो किल्ला, वर्षाला एक लक्ष होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. अशा वेळी छत्रांचे उत्पन्न तरी आपल्या हाती राहावे म्हणून त्यांनी १८०१ च्या जानेवारीत तंजावरच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिले आणि छत्रांत काय काय चालते ते तपशीलवार मांडले. वाटसरूला, मग तो कोणत्याही जातीचा असो, तेथे जेवण मिळते; वेदपाठी आहेत, पंतोजी आहेत; पोरक्या मुलांचा सांभाळ होतो; गरोदर स्त्रीस प्रसूतीपर्यंत आणि त्यानंतरही ठेवून घेतात; आणि आजारी पडलेल्या प्रवाशासाठी व सर्पदंशासारख्या संकटासाठी वैद्य नेमलेले आहेत. राज्य गेलेल्या राजाने आपल्या हाती काय उरावे म्हणून आग्रह धरला, तर तो या गोष्टींचा. इतिहासात असे आग्रह विरळाच.

मी सरकारी नोकर आहे. दप्तर, नोंदी आणि शेरे यांत माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे छत्राच्या कमानी पाहताना माझ्या मनात आला तो प्रश्नही काहीसा कारकुनी वळणाचा होता. ‘डोळ्यांनी नीट दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन एखादा वाटसरू येथे आला असेल, तर वैद्याने त्याच्या नावापुढे काय लिहिले असेल?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर तंजावरलाच मिळते. सरफोजी राजांना वैद्यकाचा नाद लहानपणापासून होता. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते आणि युरोपातील शास्त्रीय ग्रंथ ते आयुष्यभर मागवीत राहिले. त्यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या चारही पद्धतींचे वैद्य एका छताखाली काम करीत. तेथील औषधयोग पुढे तमिळ पद्यांत गुंफले गेले आणि ‘शरभेंद्र वैद्य मुऱैगळ’ या नावाने ग्रंथरूप झाले. सरस्वती महालात राजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदीही जतन झाल्या आहेत. त्या इंग्रजीत लिहिलेल्या असून १८२७ सालच्या आहेत. रुग्णाची हकीकत, डोळ्याची अवस्था, केलेली शस्त्रक्रिया आणि नंतरची प्रकृती असा क्रम त्यांत आहे. काही नोंदींबरोबर डोळ्याची रंगीत चित्रेही काढलेली आहेत. २००३ साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, शंकर नेत्रालयाच्या डॉक्टरांचे लक्ष या कागदांकडे गेले आणि त्यांचा अभ्यास सुरू झाला. प्रत्येक शस्त्रक्रियेत सुई प्रत्यक्ष राजांच्याच हाती होती की ती त्यांच्या पदरच्या वैद्यांच्या हाती, यावर वाद घालता येईल. पण रुग्णाची कहाणी लिहून ठेवण्याची ती शिस्त राजांची होती, यात शंका नाही.

या नोंदींतील बहुसंख्य रुग्ण मोतीबिंदूचे आहेत, आणि तेच स्वाभाविक आहे. मोतीबिंदू वैद्याला दिसतो. बाहुलीच्या जागी दुधाळ पडदा आलेला असतो. तो चित्रकाराला रंगविता येतो. पक्व बिंदू सुईने दृष्टीच्या वाटेतून खाली ढकलण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. त्यामुळे रोग ओळखण्याची आणि त्यावर काही करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी होती. परंतु ज्या डोळ्यात बाहेरून काहीही दिसत नाही, बाहुली काळीभोर आहे, बुबुळ स्वच्छ आहे, आणि तरीही दृष्टी कडेकडेने ओसरत चालली आहे, त्या डोळ्याचे चित्र काय काढावे? त्या रुग्णाला स्वतःला तरी तक्रार कोणत्या शब्दांत सांगता येणार?

येथे एक घरची गोष्ट सांगण्याची परवानगी घेतो. माझे वडील शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा खांदा वारंवार दाराच्या चौकटीला लागू लागला. आई उजव्या हाताशी चहाचा पेला ठेवी आणि तो त्यांच्या कोपराने सांडे. आम्ही हसत असू. म्हातारपणाचा धांदरटपणा म्हणून सोडून देत असू. डोळे तपासले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातील शेवटची, सर्वांत बारीक ओळही त्यांनी अचूक वाचून दाखविली, आणि नजर उत्तम असल्याचा शेरा घेऊन आम्ही घरी आलो. पुढे तीन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांच्या दृष्टिक्षेत्राची तपासणी केली, आणि जो कागद हाती आला तो पाहून घरातले हसू कायमचे थांबले. उजव्या डोळ्याच्या नकाशात मध्यभागी एक लहानसे पांढरे बेट उरले होते. सभोवार काळोख होता. तो काचबिंदू होता. त्या बेटावर उभे राहून वडील तक्त्यातील अक्षरे वाचीत होते. वडील म्हणाले, “अरे, पण मला काळे काहीच दिसत नव्हते!”

श्रोतेहो, या एका वाक्यात सारे मर्म आहे. दृष्टिक्षेत्र म्हणजे नजर एका बिंदूवर स्थिर ठेवली असता, मान न वळविता, एका वेळी जेवढे जग डोळ्यात येते तेवढा प्रदेश. त्याचा एखादा तुकडा नाहीसा झाला तर त्या जागी काळा डाग दिसेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तेथे काहीच दिसत नाही. आणि ‘काहीच न दिसणे’ हे जाणवत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, आणि उरलेली पोकळी मेंदू आजूबाजूच्या रंगाने लिंपून टाकतो. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात असे एक छिद्र जन्मापासून आहे. दृष्टिचेता जेथे डोळ्यातून बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणारा पडदाच नसतो. नजरेच्या केंद्रापासून कानाच्या बाजूस सुमारे १५ अंशांवर हा अंधबिंदू असतो. फ्रान्समधील मॅरियॉट या अभ्यासकाने १६६८ साली तो जगापुढे मांडला. तोवर माणसे हजारो वर्षे तो अंधबिंदू बाळगून सुखाने वावरत होती. कोणासही त्याचा पत्ता नव्हता. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण आपण परक्याच्या वागण्याबद्दल वापरतो. ती आपल्याच डोळ्याला अक्षरशः लागू पडते.

तेव्हा दृष्टिक्षेत्राच्या ऱ्हासाचा इतिहास हा मुख्यतः मोजमापाचा इतिहास आहे. अर्धे जग दिसेनासे होणारे रुग्ण प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही आढळतात. पण निरोगी डोळ्याचे क्षेत्र केवढे, हे अंशांत सांगण्याचा पहिला नेटका प्रयत्न १८०१ साली लंडनमध्ये छापला गेला. सरफोजी राजांनी आपले पत्र लिहिले तेच हे वर्ष. टॉमस यंग या शास्त्रज्ञाने स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करून सांगितले की आपली नजर वर ५० अंश, नाकाच्या बाजूस ६०, खाली ७० आणि बाहेरच्या बाजूस ९० अंश पोहोचते. आजच्या मोजमापात हे आकडे थोडे वाढले आहेत, इतकेच. पण यंगचे मोजमाप हे प्रयोगशाळेतील कुतूहल होते. ते रुग्णाच्या उशाशी यायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

१८५१ साली हेल्महोल्ट्झने नेत्रांतर्दर्शक तयार केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच वैद्याच्या नजरेस पडला. पाच वर्षांनी, १८५६ मध्ये, बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी रुग्णापुढे एक फलक ठेवून त्याला कोठे दिसते आणि कोठे दिसत नाही याची रेखाटने काढण्यास आरंभ केला. रोगपरत्वे या रेखाटनांचे आकार निरनिराळे येतात हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १८८९ च्या सुमारास कोपनहेगनचे बियेरुम यांनी तर आपल्या तपासणीच्या खोलीच्या दाराची मागची बाजूच कामाला लावली. त्या काळ्या पृष्ठभागावरून काठीच्या टोकाचा पांढरा लहानसा ठिपका ते हळूहळू फिरवीत आणि रुग्णास विचारीत, आता दिसतो का? काचबिंदूत अंधबिंदूपासून निघून केंद्राला वळसा घालणारी धनुष्याकृती पोकळी तयार होते, हा मोलाचा शोध त्या दारावर लागला. १९४५ साली स्वित्झर्लंडमधील गोल्डमान यांनी अर्धगोलाकृती वाडग्याचे यंत्र बनविले, आणि १९७० नंतर ते काम संगणकाच्या हाती गेले.

या नकाशांचे महत्त्व असे की त्यांचा आकारच रोगाचे ठिकाण सांगतो. डोळ्यापासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंत दृष्टीचे तंतू एका ठरावीक मांडणीने जातात. वाट कोठे तुटली हे नकाशावरून ताडता येते. एकाच डोळ्यात धनुष्याकृती पोकळी आली किंवा नाकाच्या बाजूने क्षेत्र खचले, तर संशय प्रथम काचबिंदूवर जातो. तरुण वयात रातांधळेपणा येऊन क्षेत्र कड्यासारखे आवळत चालले, तर दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार संभवतो. मध्यभागच नाहीसा झाला आणि कडा शाबूत राहिल्या, तर दृष्टिचेतेचा दाह किंवा दृष्टिपटलाच्या केंद्राचा विकार असू शकतो. एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली अचानक सरकत आली आणि तिच्याआधी विजा चमकल्यासारखे झाले, तर दृष्टिपटल सुटत आहे असे समजावे आणि तो दिवस मावळण्यापूर्वी डॉक्टर गाठावा. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू गेल्या आणि माणूस झापडे बांधलेल्या घोड्यासारखा समोरचेच पाहू लागला, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची गाठ, दोन्ही दृष्टिचेतांचे तंतू जेथे एकमेकांस ओलांडतात त्या जागी दाबत असण्याचा संभव असतो. आणि दोन्ही डोळ्यांची डावी बाजू एकदम गेली, वाचताना ओळीचा आरंभच सापडेनासा झाला, तर दोष डोळ्यात नसून मेंदूच्या उजव्या भागात आहे; बहुधा तेथे रक्तपुरवठा तुटलेला असतो. चष्म्याच्या दुकानात या माणसाचे काम होणार नाही.

या साऱ्यांत काचबिंदू अधिक दगलबाज. त्याच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, अक्षरे शेवटपर्यंत वाचता येतात. डोळ्यातील द्रवाचा दाब हे त्याचे मोठे कारण खरे, पण दाब सर्वसाधारण असतानाही तो होऊ शकतो. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही. दृष्टिचेतेचे पुष्कळ तंतू नष्ट झाल्यावरच नकाशावर पहिली खूण उमटते. गेलेले तंतू परत येत नाहीत. मोतीबिंदूचा आंधळा डोळस होतो; काचबिंदूने नेलेले क्षेत्र कोणतीही शस्त्रक्रिया परत देत नाही. उपचार करायचा तो उरलेले राखण्यासाठी.

आता पुन्हा दक्षिणेकडे वळू. १८२७ मधल्या त्या नोंदी लिहिल्या गेल्या तेव्हा मद्रासच्या नेत्ररुग्णालयाला आठ वर्षे झाली होती. ते १८१९ साली स्थापन झाले. याच संस्थेत १९०४ ते १९१३ या काळात रॉबर्ट हेन्री एलियट हे प्रमुख होते. डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाला बुबुळाच्या कडेशी बारीक गोल छिद्र पाडून आतील द्रवाला वाट करून द्यायची, ही काचबिंदूवरील त्यांची शस्त्रक्रिया १९०९ साली जगापुढे आली आणि पुढील कित्येक वर्षे देशोदेशी केली गेली. याच एलियटांनी सुईने मोतीबिंदू खाली ढकलण्याच्या जुन्या भारतीय क्रियेवरही स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या क्रियेनंतर ज्यांना क्षणभर उजेड दिसला अशा रुग्णांच्या डोळ्यांचे पुढे काय झाले, हे त्यांनी तपासले. ढकललेले भिंग डोळ्यात तसेच राहते. त्याने दाह होतो, दाब चढतो, आणि अनेकदा परत आलेली दृष्टी काही महिन्यांत कायमची जाते. शस्त्रक्रियेच्या दिवशी हे कळत नाही. हाताची बोटे मोजता आली की क्रिया यशस्वी ठरे, रुग्ण आनंदाने गावी जाई, आणि नंतरचा काळोख कोणत्याच वहीत नोंदला जात नसे.

म्हणूनच मला १८२७ च्या त्या नोंदींचे मोल वाटते, आणि त्यांची मर्यादाही तेथेच दिसते. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांच्याजवळ डोळ्याचा तळ पाहण्याचे साधन नव्हते, क्षेत्र मोजण्याची रीत नव्हती. वाटसरूच्या बाहुलीत काही दिसले नाही तर त्यांचा कुंचला थांबत असणार. पण त्यांनी एक गोष्ट केली, जी पुढच्या प्रत्येक शोधाचा पाया होती. ‘रुग्णाला आराम पडला’ एवढ्यावर न थांबता त्यांनी त्याची हकीकत आणि त्याचे पुढे काय झाले ते लिहून ठेवले. दृष्टिक्षेत्राचा नकाशा म्हणजे तरी काय? तीच हकीकत, पण अंशांत लिहिलेली. आणि ज्याची तक्रार रुग्णाला स्वतःलाही सांगता येत नाही त्याची.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी माझीही तपासणी झाली. ती तपासणी कशी असते ते सांगतो, म्हणजे कोणाच्या मनात भीती असल्यास जाईल. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाडग्यासमोर हनुवटी टेकवून बसवितात, एक डोळा झाकतात, हाती कळ देतात. समोरच्या खुणेवर नजर ठेवायची आणि कडेला कोठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की कळ दाबायची. मिनिटभरातच वाटू लागते की आपल्याला काही दिसतच नाही. घाबरण्याचे कारण नाही. कोणता मंद ठिपका अगदी काठावर दिसतो आणि कोणता निसटतो, हेच यंत्राला शोधायचे असते. म्हणून निरोगी माणसालाही त्यांतले पुष्कळ ठिपके दिसत नाहीत. आपली नजर हलते की काय हे पाहण्यासाठी ते मधूनच अंधबिंदूवर ठिपका टाकते. तेथेही कळ दाबली गेली, तर नजर ढळली म्हणून नोंद होते. या परीक्षेत पाठांतर चालत नाही, चलाखी चालत नाही. दिसले नाही तेव्हा दिसले नाही असेच म्हणावे लागते.

ज्या गावी यंत्र नाही तेथेही काही करता येते. डॉक्टर रुग्णासमोर हातभर अंतरावर बसतो. रुग्णाने उजवा डोळा झाकायचा, डॉक्टरने आपला डावा मिटायचा, आणि एकमेकांच्या उघड्या डोळ्यात पाहायचे. मग डॉक्टर कडेकडून बोटे आत आणीत विचारतो, किती दिसतात? स्वतःचे क्षेत्र हेच त्याचे माप. या रीतीने सूक्ष्म दोष कळत नाही, पण अर्धे जग हरवले असेल तर पाच मिनिटांत कळते. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला आपण जातोच. त्याच वेळी दाब, डोळ्याचा तळ आणि आवश्यक तर क्षेत्र पाहून घ्यावे. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे त्यांनी तर टाळूच नये.

ओरत्तनाडूहून निघण्यापूर्वी मी छत्राकडे वळून पाहिले. राज्य गेलेल्या एका राजाने वाटेने येणाऱ्या अनोळखी माणसाला विचारायची सोय केली होती की तुला भूक आहे काय, तुला काही दुखते काय. तो प्रश्न विचारल्यावर माणूस उत्तर देऊ शकत असे. पण न दुखणारे दुखणे घेऊन जो आला असेल, ज्याचा खांदा छत्राच्या खांबाला लागला असेल आणि ज्याला पाहून पंक्तीतले लोक हसले असतील, त्याच्यासाठी तेव्हा कोणापाशीच प्रश्न नव्हता. आज तो आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत तो तीन वर्षे उशिरा विचारला गेला. आपल्या घरी कोणाचा खांदा चौकटीला लागू लागला, तर कृपा करून हसू नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तक्त्यातली शेवटची ओळ वाचता आली म्हणून उठू नका.